उजव्या हाताचं सूत

१

आमच्या लोखंड घडवायच्या कारखान्याच्या वसाहतीत माझ्यासारखा मफलर विणणारा पुरुष झाला नाही. खरं सांगायचं तर विणणारा दुसरा पुरुषच झाला नाही, आणि मीसुद्धा जन्मात एकच मफलर विणला. त्याचेही पहिले टाके शेजारच्या फूवहिनीने सुईवर घालून दिले. पण पहिला नंबर तो पहिला नंबर. शर्यतीत एकटाच धावणाराही पहिलाच येतो.

त्या हिवाळ्यात सगळं एकदम अंगावर आलं. कारखान्याला कुलूप लागलं. आमच्या बैठ्या घरांची रांग पाडायचं ठरलं, आणि नदीपलीकडे चौथ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. आणि सूयुनच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, गळ्यातली गाठ एवढी वाढली की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता काढायलाच हवी. एकट्या माणसाने काय काय सांभाळायचं? मी सगळं सांभाळलं. म्हणजे सामान सूयुनने बांधलं, नव्या घराची किल्ली फूवहिनीच्या नवऱ्याने आणली आणि मी दोघांना विनोद सांगितले.

दवाखान्यात जायच्या आधी सूयुन आमच्या झोपायच्या, खालून चुलीच्या धगीने तापणाऱ्या विटांच्या ओट्यावर बसून मोजे रफू करत होती. मान वर न करता म्हणाली, "गळ्यावर ही एवढी रेघ राहणार. ती गावाला दाखवत फिरू का? मला मफलर पाहिजे. विकतच्या लोकरीचा नको, टोचतो. हातमोज्यांच्या सुताचा पाहिजे."

"मी विणतो की."

"तू? तुला सुईत दोरा ओवता येत नाही."

"विणायच्या सुईला भोकच नसतं, बाई. म्हणून तर हिंमत केली."

ती हसली आणि हसताना गळ्यावर हात ठेवला. "बरं. पण मी घरी निघेन त्या दिवशी तयार पाहिजे. नाहीतर मी येतच नाही बघ."

थट्टाच होती. पण तिच्या तोंडची थट्टा मला कधीच आवडत नाही. थट्टा हे माझं खातं.

२

हातमोज्यांचं सूत आमच्याकडे कुणाला नवं नाही. कारखाना कामगारांना पांढरे सुती हातमोजे द्यायचा. शहाणा माणूस एकच जोड चिंध्या होईस्तोवर वापरायचा आणि नवे घरी आणायचा. बायका ते उसवायच्या. त्या सुतातून पोरांचे स्वेटर निघायचे, म्हाताऱ्यांच्या आतल्या विजारी निघायच्या, खिडकीचे पडदे निघायचे. वसाहतीत कपडे वाळत घातले की वाटायचं, कारखान्याचे सगळे हात वाऱ्यावर हलताहेत.

आमच्या घरचे हातमोजे कधीच संपले होते. पण मला थोंगच्या कपाटाची आठवण झाली.

थोंग आदल्या शरद ऋतूत गेला. जगला तसाच गेला, आवाज न करता. बायको नाही, पोर नाही. कारखाना बंद होताना सगळ्यांना आपापली कपाटं रिकामी करायला सांगितली, तेव्हा त्याची किल्ली माझ्याकडे आली. दुसऱ्या कुणाकडे येणार? तो चिमटेवाला आणि मी हातोडेवाला. लाल झालेला लोखंडाचा गोळा तो लांब चिमट्यात धरायचा आणि माझ्या हातात वाफेच्या हातोड्याचा दांडा. हातोडा म्हणजे खिळे ठोकायचा नव्हे, दुमजली घराएवढा. त्या दणदणाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून चिमटेवाला उजव्या हाताने खुणा करतो. मूठ आवळली की पूर्ण घाव. दोन बोटं खाली केली की हलका. उघडा पंजा म्हणजे थांब. तो पंजा दिसला की हातोडेवाल्याने विचार करायचा नसतो, हात थांबवायचा. विचार होईस्तोवर कुणाचा तरी कोपर गेलेला असतो.

आमच्या डोक्यावर, छताखाली सरकणाऱ्या यारीच्या, म्हणजे वजनं उचलणाऱ्या क्रेनच्या, पिंजऱ्यात सूयुन बसायची. यारी खालीवर करायची तीही त्याच हाताकडे बघून. म्हणजे आम्ही नवराबायको उभा जन्म एकाच माणसाच्या एका हाताच्या तालावर चाललो. लोक विचारायचे, "ग्वान, घरी खुणा कोण करतं रे?"

वसाहतीत असंही बोलायचे, की सूयुनला आधी थोंगच विचारणार होता. असेल. तो मनातल्या मनात शब्द जुळवत बसला आणि मी विचारून मोकळा झालो. भुकेल्याने तोंड उघडावं, एवढं साधं गणित. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही कामावर गेलो, तर दिवसभर त्याने मला एकदाही हलका घाव मागितला नाही. नुसती मूठ, मूठ आणि मूठ. संध्याकाळी माझे खांदे पिळवटून निघाले. पुढे मात्र कधी काही नाही. दर नववर्षाला आमच्याकडेच जेवायचा. सूयुनसाठी गोठवलेल्या काळ्या नाशपातींची पिशवी आणायचा आणि मला नुसती मान हलवायचा.

तर त्याच्या कपाटात उशीचा अभ्रा भरून हातमोजे निघाले. पांढरेशुभ्र, घडी घातलेले. मी म्हटलं, वा रे कंजूष!

घरी आणून ओट्यावर ओतले तेव्हा लक्षात आलं. नव्या सुती हातमोज्याला डावं-उजवं नसतं, कुठल्याही हातात चढतो. एकदा घातला की अंगठा बाजू धरतो. हे सगळे घातलेले होते, धुतलेले होते आणि सगळे उजवे होते.

मी बसून डोकं चालवलं, तर तेही सरळ निघालं. डाव्या हातात चिमटा, त्याला चामड्याचा मोजा. उजवा हात खुणेचा. धुरातून मला आणि वरून सूयुनला दिसावा म्हणून तो पांढरा ठेवायचा. मळला की बदलायचा. बस्स, यात कसलं आलंय गूढ?

एवढे जपून का ठेवले, तेवढं मात्र डोक्यात शिरलं नाही.

३

फूवहिनीने शिकवताना बजावलं होतं, "भाऊजी, उसवलेलं सूत कुरळं असतं. लडी करून उकळत्या पाण्यात घाला, खाली वीट टांगून वाळवा. सूत सरळ झालं की मग विणा."

मी "हो हो" म्हणालो आणि ते काही केलं नाही. ऑपरेशनची तारीख जवळ आली होती. आणि कुरळ्या सुताने काय बिघडतं? माझे केसही तरुणपणी कुरळे होते, संसार झालाच ना?

ऑपरेशन छान झालं. गाठ साधी निघाली. सूयुनचा आवाज तेवढा बसला, कुजबुजल्यासारखं बोलू लागली. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "टाके ओले आहेत. गळ्यावर अजिबात दाब येता कामा नये. समजलं ना आजोबा? सैल कपडे."

"बाई," मी म्हटलं, "माझं विणकाम इतकं सैल आहे की त्यात मासेसुद्धा अडकणार नाहीत."

त्या हसल्या नाहीत. शिकलेल्या माणसांना उशिरा हसू येतं.

सकाळी दवाखाना आणि दुपारी विणकाम. रांगेतली घरं एकेक करून रिकामी झाली होती. आम्ही आणि फूवहिनी, एवढेच उरलो होतो. खिडकीच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या, चुलीत कोळसा, ओटा गरम. पूर्वी हातोडा पडला की फळीवरचे पेले किणकिणायचे आणि आम्हाला ते ऐकूही यायचं नाही. आता किणकिण थांबली होती, आणि ते थांबणं तेवढं सारखं ऐकू यायचं.

एका दुपारी दवाखान्यातून आलो. मफलर सुयांसकट गुंडाळून मी फळीवर ठेवला होता. तो ओट्यावर होता. सूयुनच्या बाजूला, तिच्या उशीजवळ.

पडला असेल. मी उचलला. विणलेलं टोक आत वळलं होतं. मी ते तळव्याने सपाट केलं, तर पुन्हा वळलं. नीट पाहिलं, तर काठाशी पाच फुगवटे. चार शेजारी शेजारी आणि एक जरा खाली, बाजूला.

मी खो खो हसलो. जन्मभर मी लोकांच्या बुटांत बर्फ भरला, नववर्षाच्या उकडलेल्या करंज्यांत सारणाऐवजी मिरपूड कोंबली. कुणीतरी आज उट्टं काढत होतं. शाबास! दुसऱ्या दिवशी मफलर पुन्हा फळीवर ठेवला आणि बाहेर पडताना मी दाराच्या चौकटीला खालून एक केसासारखा धागा आडवा बांधला.

परत आलो तेव्हा धागा जसाच्या तसा होता. मफलर उशीवर होता.

४

फूवहिनी सूर्यफुलाच्या बिया खात आली. ही बाई झोपेतही बिया सोलत असणार. टरफलं माझ्या जमिनीवर थुंकत म्हणाली, "बघू तरी महाराजांचं विणकाम."

मी दिला. तिने उलटसुलट करून पाहिला.

"भाऊजी, हे दोन हातांचं काम आहे."

"माझे दोनच आहेत, वहिनी. मोजून घ्या."

"तसं नव्हे. ही ओळ बघा, ढिली, वाकडी, तुमची. इथे टाका सुटलाय, हाही तुमचा. आणि त्याच्यावरच्या या ओळी? एकसारख्या, घट्ट. या कुणी विणल्या?"

"माझा हात बसला असेल."

"तुमचा?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अंडं घातलं म्हणून सांगितलं. मग टोक बोटांत धरलं आणि एकदम थांबली. "सुताला वाफ दिली होती ना?"

मी छताकडे पाहिलं.

"दिली नाहीत! अहो, किती वेळा सांगितलं! बिनवाफेचं सूत आपला जुना आकार विसरत नाही. स्वेटरचं असेल तर कोपर शोधतं, मोज्याचं असेल तर टाच शोधतं. हे कुणाच्या हातमोज्यांचं?"

"थोंगच्या."

वहिनीने मफलर खाली ठेवला. टाकला नाही. झोपलेलं मूल ठेवावं तसा ठेवला आणि आपला हात पदराखाली नेल्यासारखा कोटाच्या बाहीत ओढून घेतला.

"काय झालं?"

"गरम आहे."

"ओट्यावर होता. ओटा गरम, मफलर गरम."

"मी इतका वेळ हातात धरलाय, भाऊजी. कापड हातात धरलं की गार होत जातं." ती दाराकडे निघाली. मग वळली. "वहिनींना विकतचा घ्या एखादा. टोचला तर टोचला."

ती गेली. बियांची पुडी ओट्यावरच राहिली. इतक्या वर्षांत फूवहिनीने अर्धी पुडी टाकून दिलेली मी पाहिली नव्हती. त्या पुडीकडे बघून मला पहिल्यांदा जरासं कसंतरी झालं.

५

घाबरलो असं कुणी समजू नये. मी हिशेब केला. सूत हातमोज्याचं. हातमोज्याला हाताची सवय. म्हणून ते हाताचा आकार धरतं. यात भूत कुठे आलं? फक्त हा आकार माझ्या बायकोच्या ओल्या गळ्याभोवती गुंडाळायचा होता. आणि माझ्या डोळ्यांपुढे लग्नाच्या दुसऱ्या दिवसाची ती मूठ येत होती.

ठरवलं. उसवायचा.

दुपारचं लख्ख ऊन होतं, बर्फावरून परतून छतावर पडलेलं. मी ओट्यावर मांडी घातली, शेवटची ओळ सुईवरून काढली आणि सूत ओढलं. एक ओळ आली. दुसरी आली. तिसऱ्या ओळीला सूत अडकलं. मी जोर लावला. पलीकडूनही जोर लागला.

गाठ असेल, म्हणून मी टोकाकडे पाहिलं.

टोक ओट्यावरून थोडं वर उचललेलं होतं. त्यातले दोन फुगवटे, मधले, शांतपणे खाली वाकले.

आणि दूर, कुलूप लावलेल्या कारखान्याच्या बाजूला, धप्प. हलका घाव. फळीवरचे पेले किणकिणले.

छतावरचं बर्फ घसरलं असेल. यंत्रं सोडवून नेणारी माणसं तिकडे आली असतील, एखादा अवजड भाग पडला असेल. मी अशी चार कारणं झटपट सांगू शकतो, आणि चारही चांगली आहेत. पण माझा उजवा हात त्या वेळी हवेत होता. नसलेला दांडा धरून तो अर्धा खाली आला होता.

६

उसवता येत नाही, तर सुधारता येतं. चूक माझी होती, वाफ न देण्याची. मग आता द्यायची.

ओळ पुन्हा सुईवर घेतली आणि दोन दिवस दवाखाना सोडला तर हलायचं नाही असं ठरवून उरलेला मफलर पुरा केला. कुणी किती ओळी विणल्या याची चौकशी केली नाही. मग सगळ्यात मोठी कढई चुलीवर चढवली आणि मफलर उकळत्या पाण्यात सोडला. पाणी खदखदू लागलं तसा तो वर यायचा, मी झाऱ्याने खाली दाबायचा. वर आला, दाबला. वर आला, दाबला. म्हटलं, थोंग, मित्रा, गरम पाण्याचा तुला काय त्रास? तू तर भट्टीजवळ थंडी वाजते म्हणायचास.

हे तो कधीच म्हणाला नव्हता. पण मेलेल्या माणसाच्या नावावर एखादा विनोद खपवला तर तो नाकारायला येत नाही. असं तेव्हा वाटलं.

सूयुन घरी यायच्या दिवशी सकाळी मफलर अंगणातल्या दोरीवर घातला, खाली दोन विटा टांगल्या. आमच्याकडची थंडी! चहा पिऊन बाहेर आलो, तर मफलर गोठून फळीसारखा ताठ. सपाट. कुठे वळण नाही, कुठे फुगवटा नाही. मी बोटाने वाजवला, ठकठक आवाज आला.

जिंकलो! फूवहिनीच्या खिडकीसमोर जाऊन मी तो तलवारीसारखा फिरवला. तिने पडदा ओढून घेतला.

बसमध्ये चढलो तर वाहक म्हणाला, "आजोबा, दाराची फळी घेऊन कुठे निघालात?"

"बायकोचा मफलर आहे."

"बायको लाकडाची आहे का?"

"लोखंडाची," मी म्हटलं. "मी घडवली."

अख्खी बस हसली. फळी काखेत धरून मी नदी ओलांडली. काखेत ती थंडगार होती आणि मला फार बरं वाटत होतं.

७

सूयुन पलंगाच्या कडेवर कोट घालून बसली होती, पाय खाली सोडून, यारीच्या पिंजऱ्यात बसायची तशी ताठ. गळ्यावर पांढरी पट्टी. शेजारच्या पलंगावरच्या बायका माझ्याकडे बघून खिदळल्या.

"केलास?" ती कुजबुजली.

"बघ. हा असा मफलर आख्ख्या गावात नाही."

"असा नसेलच. दे."

"थांब, जरा वितळू दे."

"इकडे दे रे म्हाताऱ्या." आणि तिने तो हातातून ओढून घेतला, गुडघ्यावर दाबून कड्कन वाकवला आणि गळ्याभोवती घेतला. कडक होता तोवर तो तिच्या मानेपासून चार बोटं दूर, कोनांत उभा राहिला. खोलीत गरम पाण्याच्या नळ्या धगधगत होत्या. बर्फाचे थेंब तिच्या कोटावर टपकू लागले.

मी तिची पिशवी भरत होतो. वाटी, चमचा, कंगवा. भरता भरता एक डोळा तिकडे होता. कोन बसले. मफलर खांद्यांवर उतरला. मग हळूहळू आत, मानेकडे. ओलं कापड असंच बसतं. कुणाच्याही गळ्यात बसतं.

सूयुनने डोळे मिटले. ऑपरेशनपासून तिला श्वासागणिक एक बारीक खरखर होती. ती खरखर थांबली.

"सूयुन?"

तिचे डोळे मिटलेलेच.

तिच्या कानामागे मफलरचं टोक होतं. ते वळलं. चार फुगवटे मानेच्या एका बाजूने गेले, आणि एक दुसऱ्या बाजूने. डॉक्टरीणबाईंचं वाक्य माझ्या कानात ओरडलं आणि मी वाटी टाकून धावलो. दोन पावलांचं अंतर. हात पुढे केला, पकडून हिसडायचा, एवढंच.

टोक तिच्या मानेवरून सुटलं आणि वर उठलं. खिडकीच्या उजेडात मी ते पाहिलं. पांढरं, स्वच्छ. पाचही उघडी.

माझा हात थांबला. मी थांबवला नाही. भीतीनेही नाही थांबला, शपथेवर सांगतो, भीती नंतर आली. तो नुसता थांबला, जन्मभर थांबत आला तसा, तिच्या गळ्यापासून वीतभर अंतरावर. मी ढकलत होतो आणि तो जात नव्हता.

"सूयुन," मी म्हणालो. आवाज माझाच बसला होता. "तो काढ. आत्ताच्या आत्ता काढ. तो बघ, 'थांब' म्हणतोय."

तिने डोळे उघडले. श्वास मोकळा होता. मान किंचित कलती करून तिने खांद्याकडे पाहिलं, वरून खाली, यारीतून पाहायची तसं, सवयीच्या नजरेने. मग माझ्या हवेत अडकलेल्या हाताकडे. आणि कुजबुजली नाही. ऑपरेशनपूर्वीच्या खणखणीत आवाजात म्हणाली,

"थांब तुला म्हटलंय त्यानं. मला नाही."